धाराशिव: अक्षरे चार, चिन्हे सात, बाइट एकवीस

कोड गोल्फ हा कमीत कमी लांबीचा प्रोग्राम लिहिण्याचा खेळ आहे. एखादे छोटे काम नेमून दिले जाते: शब्द उलटा करा, यादी छापा, दिलेली संख्या मूळ आहे का ते सांगा. ज्याचा प्रोग्राम सर्वांत कमी बाइटांत ते काम बिनचूक करतो, तो जिंकतो. मैदानावरच्या गोल्फमध्ये कमी फटक्यांत चेंडू खळीत घालणारा जिंकतो, त्यावरून हे नाव पडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पर्ल ही भाषा वापरणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये खेळाला हे रूप आले आणि पुढे तो सगळ्या भाषांत पसरला. आता खास या खेळासाठी बनवलेल्या प्रोग्रामिंग भाषाही आहेत. त्यांत एखादे संपूर्ण उत्तर दोन-तीन बाइटांत मावते.

एकेका बाइटासाठी झुंज असल्यामुळे या खेळात नियमांचा कीस पाडला जातो. त्यात वरचेवर उभा राहणारा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे: ‘स्ट्रिंग’ कशाला म्हणायचे? पाठ्यपुस्तकातली व्याख्या एका ओळीत संपते. एकामागून एक ठेवलेल्या चिन्हांची माळ म्हणजे स्ट्रिंग. पण चिन्ह म्हणजे काय, माळ कुठे संपते, आणि दोन माळा सारख्या कधी मानायच्या, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते. रोमन लिपीतल्या इंग्रजी शब्दांत हे मतभेद बहुधा झाकले जातात. देवनागरीत लिहिलेला एखादा मराठी शब्द संगणकाला दिला की ते सगळे उघड्यावर येतात. धाराशिव जिल्ह्याच्या आणि त्यातल्या गावांच्या नावांतच याची बरीचशी उदाहरणे सापडतात.

‘धाराशिव’ हे नाव घेऊ. मराठी वाचक त्यात चार अक्षरे मोजतो: धा, रा, शि, व. पायथन भाषेला या स्ट्रिंगची लांबी विचारली, तर उत्तर ७ येते. जावास्क्रिप्टही ७ म्हणते. गो आणि रस्ट या भाषा २१ सांगतात. ॲपलच्या उपकरणांसाठी वापरली जाणारी स्विफ्ट मात्र मराठी वाचकाप्रमाणे ४ सांगते. यातले एकही उत्तर चुकीचे नाही. पायथन युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हे मोजते, आणि युनिकोडमध्ये ‘धा’ हे एक चिन्ह नाही. ध वेगळा, काना वेगळा. ध, काना, र, काना, श, ह्रस्व वेलांटी आणि व अशी सात चिन्हे होतात. गो आणि रस्ट ती साठवायला लागणारे बाइट मोजतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून सात त्रिक एकवीस. स्विफ्ट व्यंजन आणि त्याला लागलेली मात्रा यांचा एक गट धरते.

हीच मोजणी जिल्ह्याच्या जुन्या नावावर केली तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘उस्मानाबाद’मध्ये उ, स, हलन्त, म, काना, न, काना, ब, काना, द अशी दहा चिन्हे आणि तीस बाइट आहेत. अक्षरांचे गट किती, हे मात्र कोणत्या वर्षीचा नियम लावायचा यावर अवलंबून आहे. युनिकोडच्या जुन्या नियमानुसार हलन्तापाशी गट तुटत असे, त्यामुळे ‘स्’ आणि ‘मा’ वेगळे पडून सहा गट होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरायला सुरुवात केली. ‘स्मा’ एक झाला आणि गट पाच उरले. जिल्ह्याचे नाव बदलल्याची राज्य शासनाची अधिसूचनाही त्याच महिन्यातली. महसुली नोंदीत जे नाव मागे पडले, त्याची लांबी संगणकाच्या नियमांत त्याच सुमारास एकाने घटली, हा केवळ योगायोग असला तरी लक्षात राहणारा आहे.

रोमन लिपीत दोन्ही नावे नऊ-नऊ अक्षरांची आहेत. इंग्रजी नोंदींच्या ठरावीक रुंदीच्या रकान्यात एकाच्या जागी दुसरे चपखल बसते. देवनागरीत तसे होत नाही. रकाना वीस बाइटांचा असेल तर ‘धाराशिव’चा शेवटचा बाइट बाहेर राहतो आणि ‘व’ अर्धवट तुटतो. पडद्यावर त्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकोन दिसतो, कारण उरलेले दोन बाइट मिळून कोणतेही चिन्ह होत नाही. मोबाइलवरच्या लघुसंदेशात हीच टंचाई दुसऱ्या रूपाने येते. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे सात-सात बिटांत बसवून १६० पाठवता येतात, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सोळा बिटांचे, म्हणून ७० चिन्हांवर संदेश संपतो. मराठीत सूचना पाठवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला आणि बँकेला हा हिशेब सांभाळावा लागतो.

गोल्फमधला वाद लांबीच्याही आधी सुरू होतो: स्ट्रिंग हा प्रकारच मुळात प्रत्येक भाषेत असतो का? फोरट्रान ही १९५७ ची भाषा आकडेमोडीसाठी जन्मली. तिच्यात मजकूर लिहायची जुनी रीत अशी होती की आधी अक्षरांची संख्या, मग एच हे अक्षर आणि मग तेवढी अक्षरे लिहायची. मजकुराला स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान १९७७ च्या प्रमाणित आवृत्तीत मिळाले. सी भाषेत आजही स्ट्रिंग हा वेगळा प्रकार नाही. स्मृतीत एका जागेपासून बाइट सुरू होतात आणि शून्य किमतीचा बाइट आला की माळ संपली असे मानायचे. म्हणून सी मध्ये ‘धाराशिव’ साठवायला २२ बाइट लागतात: एकवीस नावाचे आणि एक शेवटच्या शून्याचा. जुन्या पास्कलमध्ये उलट रीत होती. पहिल्याच बाइटात लांबी लिहिली जाई, त्यामुळे स्ट्रिंग २५५ बाइटांपलीकडे जात नसे. सी ची रीत लांबीला मर्यादा घालत नाही, पण मजकुराच्या मध्येच शून्य बाइट आला तर पुढचा भाग तिला दिसत नाही.

हास्केलमध्ये स्ट्रिंग म्हणजे सरळ चिन्हांची यादी. एपीएलमध्ये ती चिन्हांची रांग, आणि त्यातही एक बारकावा असा की अवतरणात एकच अक्षर लिहिले तर ती रांग न राहता सुटे चिन्ह होते. १९९३ मध्ये उर्बान म्युलर यांनी रचलेली ब्रेनफक ही भाषा टोकाची. तिच्यात फक्त आठ आज्ञा आहेत. बाइटांच्या एका लांब पट्टीवर पुढे-मागे सरकायचे आणि एकेक बाइट कमी-जास्त करायचा, एवढेच तिला येते. ‘धाराशिव’ छापायचे तर योग्य किमतीचा एकेक बाइट तयार करून एकवीस वेळा बाहेर पाठवावा लागतो.

अशा भाषांनाही खेळात घ्यायचे तर स्ट्रिंगची एकच कडक व्याख्या चालत नाही. म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांनी हळूहळू काही सवलती मान्य केल्या. भाषेत स्ट्रिंग हा प्रकार असेल तर तो चालतोच. सुट्या चिन्हांची यादीही चालते, म्हणजे सात चिन्हांची स्ट्रिंग द्या किंवा एकेका चिन्हाच्या सात स्ट्रिंगांची यादी द्या, दोन्ही एकच मानले जाते. सी सारख्या भाषेत मजकुराची जागा आणि सोबत त्याची लांबी दिली तरी चालते. आणि ज्या भाषेत मजकुराची सोयच नाही, तिथे युनिकोड क्रमांकांची यादी स्ट्रिंग म्हणून स्वीकारली जाते.

शेवटची सवलत सर्वांत नाजूक आहे. ‘धाराशिव’ क्रमांकांत लिहिले तर २३४३, २३६६, २३५२, २३६६, २३५८, २३६७, २३५७ अशी यादी होते. ज्या भाषेला फक्त संख्या कळतात, तिच्यासाठी हेच नाव आहे. पायथनमध्ये कोणी हीच यादी उत्तर म्हणून पुढे केली तर ती सहसा फेटाळली जाते, आणि ते योग्यच आहे. संख्येचे चिन्हात रूपांतर करणे हा त्या कामाचाच भाग असतो. ज्या भाषेत ती सोय हाताशी आहे, तिच्या खेळाडूने ते काम परीक्षकावर सोपवून चार-पाच बाइट वाचवणे हा दिलेल्या कामातून काढलेला पळ आहे. सवलत भाषेच्या उणिवेसाठी असते, खेळाडूच्या सोयीसाठी नव्हे.

यादीच्या सवलतीची किंमत थेट मोजता येते. पायथनमध्ये सुटी चिन्हे जोडून परत स्ट्रिंग करायला नऊ बाइट जास्त लागतात, जावास्क्रिप्टमध्ये युक्तीने लिहिले तरी सात. चाळीस बाइटांच्या उत्तरात सात बाइट म्हणजे जय-पराजयाचे अंतर. मात्र एकेका चिन्हाची यादी म्हणताना ‘धा’ हा एक घटक की दोन, हा प्रश्न पुन्हा समोर येतो. स्विफ्टमध्ये तो एक, पायथनमध्ये दोन. इंग्रजीतून विचार करणाऱ्या नियमकर्त्यांना ही फट सहज दिसत नाही, आणि मराठी उदाहरण दिल्याशिवाय ती दाखवताही येत नाही.

संख्या आणि स्ट्रिंग यांच्या सीमेवर दुसराही एक गुंता आहे. धाराशिव शहराचा दूरध्वनी संकेतांक ०२४७२ आहे. तो आकड्यांत लिहिला जातो, पण त्याची कोणी बेरीज करत नाही. संख्या म्हणून साठवला तर सुरुवातीचे शून्य गळते आणि २४७२ उरते. सी भाषेत तो तसाच शून्यासह लिहिला तर निकाल आणखी विपरीत येतो. शून्याने सुरू होणारी संख्या ती भाषा अष्टमान पद्धतीची समजते आणि तिची किंमत १३३८ धरते. पायथनच्या आजच्या आवृत्तीत असे लिहिणे ही चूकच ठरते. संकेतांक ही स्ट्रिंग आहे, आकडे ही फक्त तिची चिन्हे. पिनकोड ४१३५०१ शून्याने सुरू होत नाही, म्हणून संख्या म्हणूनही निभावून जातो. जिल्ह्यातल्या वाहनांच्या पाटीवर एमएच नंतर येणारे ‘२५’ हे आकडेच असले तरी अक्षरांच्या जोडीने आल्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. गोल्फच्या प्रश्नात ‘आकडे दिले जातील’ एवढेच लिहिलेले असले की खेळाडू ते संख्या म्हणून घेतो, आणि परीक्षकाच्या मनात स्ट्रिंग असते. भांडण इथूनच सुरू होते.

शब्द उलटा करणे हा स्ट्रिंगवरचा सर्वांत जुना स्वाध्याय. सी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी तो पहिल्या काही महिन्यांत करतो, आणि गोल्फमध्येही तो नेहमी येतो. मराठी शब्दांवर तो करून पाहिला की स्ट्रिंग कशाची बनलेली आहे हे डोळ्यांसमोर येते. ‘धाराशिव’ अक्षरागणिक उलटे केले तर ‘वशिराधा’ होते. पायथन मात्र चिन्हे उलटवते आणि ‘विशाराध’ असे उत्तर देते, कारण उलट्या क्रमात श ची वेलांटी व च्या मागे येऊन त्याला चिकटते आणि र च्या आधीचा-नंतरचा काना भलत्याच व्यंजनाला जातो. बाइट उलटवणाऱ्या भाषेत तर काहीच वाचता येत नाही. प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांचा क्रम बिघडतो आणि तो यूटीएफ-८ मजकूरच राहत नाही.

तुळजापूर तालुक्यातले ‘नळदुर्ग’ याहून बोलके आहे. त्यात न, ळ, द, उकार, र, हलन्त, ग अशी सात चिन्हे. चिन्हे उलटवली तर ‘ग्रुदळन’ होते. युनिकोडच्या जुन्या गटांनुसार उलटवले तर ‘र्’ आणि ‘ग’ वेगळे पडून ‘गर्दुळन’ होते. जोडाक्षर अखंड धरणाऱ्या नव्या नियमाने ‘र्गदुळन’ होते. किल्ल्याचे एकच नाव, उलट करण्याच्या तीन प्रामाणिक रीती आणि तीन वेगळे शब्द. प्रश्नात फक्त ‘स्ट्रिंग उलटी करा’ एवढेच म्हटले असेल तर तिन्ही उत्तरांना सारखाच हक्क आहे. मराठी वाचकाला पटेल ते तिसरेच.

उलट-सुलट सारखे वाचले जाणारे शब्द ओळखण्याच्या कोड्यात हा फरक थेट हो-नाहीवर येतो. ‘सरस’, ‘कडक’, ‘नयन’ हे शब्द अक्षरांच्या आणि चिन्हांच्या दोन्ही मोजण्यांत खरे उतरतात, कारण त्यांत मात्रा नाहीत. ‘नवजीवन’ मराठी माणसाला निःसंशय दोन्हीकडून सारखा वाटतो: न, व, जी, व, न. चिन्हांच्या मोजणीत तो ‘नवीजवन’ होतो आणि नापास ठरतो. शाळेत मुले एकमेकांना सांगतात ते ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य मोकळ्या जागा गाळून तपासले तर चिन्हांच्या पातळीवर उलट माळेची सुरुवातच व्यंजनावाचून सुट्या वेलांटीने होते, आणि पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. मराठीत विलोमपद ही अक्षरांची गोष्ट आहे. तिची परीक्षा चिन्हांवर घेणे म्हणजे दुसरेच कोडे सोडवणे.

चिन्हांचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांतही तफावत आहे. ह्रस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे काढली जाते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. ही व्यवस्था इस्की या भारतीय प्रमाणातून आली. ते १९८८ मध्ये तयार झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागे. ‘धाराशिव’ तिथे सात बाइटांत मावले असते. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांची रीत वेगळी होती. त्यांत साठवलेले बाइट प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे असत आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देत असे. वेलांटी दिसते त्याच जागी, म्हणजे व्यंजनाआधी टंकली जाई. अशा फॉन्टांत लिहिलेल्या जुन्या फायलींत पडद्यावर ‘शि’ दिसत असली तरी आत वेगळीच स्ट्रिंग असते, आणि शोधयंत्राला ते नाव सापडत नाही.

दोन स्ट्रिंगा सारख्या कधी मानायच्या, याचे सर्वांत अवघड उदाहरण मराठीच्या एका खास वळणात आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा काढला जातो. तो टंकण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडतात. तेव्हा शब्दात अकरा चिन्हे होतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. तेव्हा बारा. पडद्यावर आणि छापील पानावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणक त्यांना दोन वेगळ्या स्ट्रिंगा मानतो. तिसरी रीतही शक्य आहे: साधा र आणि त्याखाली नुक्ता. पहिली आणि तिसरी एकच आहेत असे युनिकोड मानते, आणि मजकूर प्रमाणरूपात आणला की त्या जुळतात. दुसरी मात्र प्रमाणरूप केल्यावरही वेगळीच राहते. ‘ॲप’मधल्या ॲ चेही असेच आहे. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र चिन्ह मिळाले, तरी अ वर चंद्र देऊन लिहिलेले रूप त्याच्याशी जुळत नाही. समान शब्द मोजण्याचे कोडे मराठी मजकुरावर दिले तर परीक्षकाने या रूपांचे काय करायचे ते आधी सांगायला हवे. नाहीतर बरोबर प्रोग्रामही चुकीचा ठरू शकतो.

क्रम लावतानाही मराठीची वर्णमाला आणि स्ट्रिंगची तुलना यांत एका जागी बिनसते. संगणक चिन्हांच्या क्रमांकावरून लहान-मोठे ठरवतो. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून प्रोग्राम ‘नळदुर्ग’ आधी आणि ‘नवरात्र’ नंतर ठेवतो, तर मराठी शब्दकोशाच्या शिस्तीत ‘नवरात्र’ आधी यायला हवे.

जावास्क्रिप्टने ‘धाराशिव’ची लांबी पायथनसारखीच ७ सांगितली, पण ते साम्य वरवरचे आहे, आणि मोडी लिपी आली की ते संपते. जावास्क्रिप्ट आणि जावा या भाषांची घडण झाली तेव्हा जगातली सगळी चिन्हे सोळा बिटांत मावतील असे मानले जात होते. तसे झाले नाही, आणि नंतर आलेल्या कित्येक लिप्यांना त्या मर्यादेपलीकडचे क्रमांक मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी दप्तरांत वापरात असलेली मोडी त्यांपैकी एक. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून ती २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली. मोडीत लिहिलेले ‘धाराशिव’ पायथनला सातच चिन्हांचे दिसते. जावास्क्रिप्ट मात्र प्रत्येक चिन्हासाठी सोळा बिटांचे दोन तुकडे वापरते आणि १४ म्हणते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी चार, म्हणजे २८ बाइट होतात. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग फोडण्याच्या दोन रीती आहेत. रिकाम्या अवतरणावर फोडले तर तुकडे सुटे होतात, आणि उलटवल्यावर प्रत्येक मोडी चिन्ह मोडते. तीन टिंबांच्या नव्या रीतीने फोडले तर चिन्हे शाबूत राहतात. देवनागरीवर दोन्ही रीती सारखेच उत्तर देतात, त्यामुळे चूक मोडी येईपर्यंत कळतच नाही.

गुण मोजायच्या वेळी बाइट पुन्हा महत्त्वाचे होतात, कारण प्रोग्राम हीसुद्धा एक स्ट्रिंगच असते. जिल्ह्याचे आठ तालुके छापण्याचे कोडे घेऊ: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. देवनागरीत या आठ नावांत मिळून ४२ चिन्हे आहेत. रोमनमध्ये रूढ स्पेलिंगांनी ५२ अक्षरे लागतात. वाचणाऱ्याला देवनागरी आखूड, पण गोल्फच्या हिशेबात ती १२६ बाइटांची होते आणि रोमन ५२ च राहते. नावांमध्ये मोकळ्या जागा घालून पायथनमध्ये सरळ छापायची आज्ञा लिहिली, तर देवनागरी प्रोग्राम १४२ बाइटांचा होतो आणि रोमन ६८ चा.

ही तूट भरून काढण्याची युक्ती स्ट्रिंगच्या व्याख्येशीच खेळते. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला सगळीकडे सारखा असतो. दुसऱ्याच्या दोनच किमती असतात. खरी माहिती बहुतेक तिसऱ्यात असते. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून २२७० वजा करायचे. उत्तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या पल्ल्यात येते आणि एका बाइटात मावते. प्रोग्राममध्ये हा अगम्य दिसणारा रोमन मजकूर ठेवायचा आणि छापताना प्रत्येकात २२७० मिळवायचे. नावांमध्ये मोकळ्या जागेऐवजी अवग्रह चालत असेल, तर पायथनमध्ये हा प्रोग्राम ८४ बाइटांत बसतो. त्यात जो मजकूर ठेवलेला असतो तो पायथनच्या बाइट या प्रकारचा. लिहिताना तो अवतरणात स्ट्रिंगसारखा लिहिला जातो, पण एकेक घटक काढला की हाती संख्या येतात. २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट हे दोन प्रकार वेगळे केले. त्याआधी साध्या अवतरणात लिहिलेले ‘धाराशिव’ एकवीस लांबीचे निघत असे. असा बाइट-प्रकार उत्तर म्हणून द्यावा की नाही, यावर खेळाडूंत एकमत नाही. प्रोग्रामच्या पोटात वापरायला मात्र कोणाची हरकत नसते.

गोल्फसाठी बनवलेल्या भाषांना मराठी मजकूर याहून जड जातो. त्यांतल्या बऱ्याच भाषांचे स्वतःचे २५६ चिन्हांचे कोष्टक असते, म्हणजे प्रत्येक आज्ञा एका बाइटात लिहिता येते. त्या कोष्टकांत देवनागरीला जागा नाही. त्यांच्यात शब्द दाबून ठेवण्यासाठी जे शब्दसंग्रह जोडलेले असतात, तेही इंग्रजीचे. एखादा लांबलचक इंग्रजी शब्द तिथे दोन-तीन बाइटांत येतो आणि ‘भूम’ हे दोन अक्षरांचे नाव क्रमांकांतून घडवावे लागते. मराठी शब्दांचा असा संग्रह बनवायला तांत्रिक अडचण काहीच नाही. तो कोणीतरी मनावर घेऊन बनवायला हवा, आणि तो बनला तर मराठी विद्यार्थ्यांना हा खेळ आपल्या शब्दांत खेळता येईल.

म्हणून मराठी मजकुरावर कोडे रचणाऱ्याने चार गोष्टी प्रश्नातच लिहायला हव्यात: लांबी आणि उलटापालट अक्षरांवर धरायची की चिन्हांवर, मजकूर कोणत्या प्रमाणरूपात मिळेल, अदृश्य जोडचिन्हे येतील की नाही, आणि यादी किंवा क्रमांक दिले तर चालतील का. तपासणीच्या नमुन्यांत ‘नळदुर्ग’, ‘नवजीवन’ आणि एखादा मोडी शब्द असला की संदिग्ध उत्तरे लगेच उघडी पडतात. आणि एक नमुना रिकाम्या स्ट्रिंगचा असावा. तिची लांबी अक्षरांत, चिन्हांत आणि बाइटांतही शून्यच येते, आणि ती उलट-सुलट सारखीच असते. पण हास्केलमध्ये ती आणि रिकामी यादी यांत फरक नाही, सी मध्ये ती शून्य किमतीचा एक बाइट व्यापते, आणि ‘स्ट्रिंगमधले पहिले चिन्ह घ्या’ अशा पायावर लिहिलेला प्रोग्राम तिच्यापाशी हमखास अडतो. रिकामा मजकूर मिळू शकतो की नाही, हेही परीक्षकाने आधीच सांगून ठेवायचे असते.